भागीचें घोडें

‘भागीचें घोडें किवणानें मेलें’ ही म्हण आमच्या आजीच्या तोंडीं इतक्या वेळां येई कीं, लहानपणीं आम्हांस तें घोडें आमच्याच घराण्यांत कधीं काळीं होऊन गेलें असावें असें वाटत असे. चाळीच्या गॅलरींतील सामाईक दिवा बिघडला आणि आठ दिवस कोणीं बदलला नाहीं, किंवा धाकट्या काकूंस वाटलें कीं दूध थोरल्या काकूंनीं झांकलें असेल आणि मांजरानें तें फस्त केलें, कीं आजीनें तें घोडें बाहेर काढलेंच. एका घोड्याचे चार धनी. त्याच्या पाठीवर क्षत पडलें. प्रत्येकानें म्हटलें, दुसरा पाहील. आणि क्षत चिघळून घोडें मेलें, एवढीच त्या म्हणीची कथा. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या आमच्या वाचकांस ती फोडून सांगावयास नको. परंतु आयुष्याच्या उतारावर तें घोडें एके दिवशीं खरोखरीच आमच्यासमोर येऊन उभें राहील, आणि तेंही आमच्या नातवाला पाठीवर घेऊन, अशी कल्पना मात्र आम्हांस नव्हती.

आमचें गिरगांव आज घोड्यांचें किंवा गुरांचें राहिलें नाहीं. चर्नी रोड या नांवाची एक उपपत्ति अशी सांगतात कीं, पूर्वीं येथें गुरें चरावयास येत. दुसरी अशी कीं, ठाण्याजवळच्या चेंदणीहून आलेले लोक येथें वसले. पहिली आम्हांस अधिक आवडते, कारण तिच्यांत एक सामाईक कुरण आहे. किल्ल्याबाहेरच्या मैदानांत गुरें चारण्यावर सरकारनें पट्टी बसविली, तेव्हां सर जमशेटजी जीजीभाई यांनीं पदरच्या पैशानें इकडे जमीन घेऊन ती गरिबांच्या गुरांस मोकळी केली, अशी आख्यायिका आहे. आमच्या लहानपणीं गुरें नव्हतीं, पण व्हिक्टोरिया होत्या, आणि रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या टापांचा आवाज ऐकूं येई. जून २०१५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें या गाड्या बेकायदा ठरवून त्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली. त्या घोड्यांचे हाल ज्यांनीं जवळून पाहिले आहेत ते या निर्णयास नांवें ठेवणार नाहींत.

म्हणून आमच्या नातवानें तेराव्या वर्षीं घोड्यावर बसावयास शिकण्याचा हट्ट धरिला, तेव्हां त्याला शहराबाहेर दीड तासाच्या वाटेवरील एका रिंगणावर न्यावें लागलें. दर रविवारीं पहांटे सूनबाई त्याला उठवी, आमची सौ. डब्यांत थालीपीठ भरून देई, आणि आम्ही, निवृत्त व निरुपयोगी माणूस म्हणून, त्याच्या सोबतीस जात असूं. रिंगण म्हणजे ४० मीटर लांब व २० मीटर रुंद अशी वाळू पसरलेली जागा. भोंवतीं लांकडी कठडा आणि एका बाजूस फाटक. तेवढ्या जागेंत चार प्रकारचे लोक येत. कांहींचीं स्वतःचीं घोडीं तेथल्या पागेंत ठेवलेलीं असत. कांहीं तासाचें भाडें देऊन पागेचें घोडें घेत. कांहीं तरुण मंडळी आडव्या दांड्यांवरून उडी मारण्याचा सराव करीत. आणि कांहीं, ज्यांस रिकिबींत पाय ठेवतांना देव आठवतो, असे नवशिके असत. या सर्वांस शिकविणारा चाबूकस्वार एक, आणि घोडीं सांभाळणारे मोतद्दार तीन.

दोन वर्षांत नातू चांगला बसूं लागला. चांगला म्हणजे किती, हें आम्हांस कळत नाहीं; परंतु घोडा दौडूं लागला म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे तो परीक्षेच्या निकालाच्या दिवशींही आम्हीं कधीं पाहिला नव्हता. आम्ही कठड्याबाहेर बांकावर बसून तें पाहत असूं आणि मनांतल्या मनांत फुशारत असूं. ही फुशारकी येथें कबूल करावयास हवी, कारण पुढें जें घडलें त्यांत तिचाही वांटा आहे.

गेल्या हिंवाळ्यांतील एका रविवारीं साठीला टेकलेल्या एक बाई पागेंतील म्हाताऱ्या पांढऱ्या घोडीवर बसून, उजवा हात कठड्याकडे ठेवून, पाऊल पाऊल चालत होत्या. त्यांचा तो दुसराच महिना. चालतां चालतां घोडी कठड्यापासून तीन-चार हात आंत आली होती. आमचा नातू मागून दौडत आला. आंतल्या बाजूनें जावयास मुबलक जागा होती. परंतु त्यानें घोडी आणि कठडा यांच्या मधल्या फटींतून आपला घोडा काढला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन अंगांस असल्यामुळें त्याला जवळजवळ सभोंवारचें दिसतें; दिसत नाहीं तें फक्त नाकासमोरचें थोडें आणि शेंपटीच्या नेमकें मागचें. तेथून अकस्मात् कांहीं आलें म्हणजे तो विचार करीत बसत नाहीं. हिंस्र श्वापदांनीं ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या शिकार केली अशांच्या वंशांतला तो प्राणी. तो आधीं पळतो आणि मग पाहतो. घोडी एकदम बाजूला उसळली, बाई वाळूंत पडल्या, आणि त्यांचें मनगट मोडलें.

परतीच्या गाडींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग नातू म्हणाला, “आजोबा, मीं कोणता नियम मोडला तें सांगा. बाहेरची वाट दौडणाऱ्याची, असें तिथें सगळेच म्हणतात.”

त्याचा स्वर उद्धट होता, परंतु प्रश्न खोटा नव्हता. रिंगणावर एकही नियम लिहिलेला नव्हता. जो तो आपल्या सोयीच्या वहिवाटीसच कायदा समजे. ‘मोठ्या माणसांशीं वाद घालूं नये’ असें कांहींसें आम्हीं त्याला सुनावलें, आणि उत्तर सुचलें नाहीं म्हणजे वडील माणसें जें करितात तें केलें, म्हणजे खिडकीबाहेर पाहत बसलों.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्याला घेऊन आम्ही दादरला त्या बाईंच्या घरीं गेलों. हात प्लास्टरमध्यें होता. त्यांनीं सुनेस चहा करावयास सांगितला, नातवाच्या हातावर बेसनाचा लाडू ठेविला, आणि तो खालीं मान घालून “काकू, माझी चूक झाली” म्हणाला तेव्हां त्या त्याच्यावर रागावल्या नाहींत. त्या आमच्याकडे वळल्या.

“हाड जुळेल हो,” त्या म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात, सहा-आठ आठवडे. लहानपणीं आमच्या शेजारच्या वाड्यांत घोडा होता. भाऊ बसत, मला कोणीं बसूं दिलें नाहीं. तें पन्नास वर्षांनीं आतां बसलें. मला तुम्ही एवढेंच सांगा, त्या रिंगणांत सावकाश जाण्याचा मला हक्क आहे, कीं भरधांव जाणाऱ्यांच्या मेहेरबानीनें मी तेथें आहें? हक्क असेल तर परत येईन. मेहेरबानी असेल तर माझें हें वय मेहेरबान्या घेण्याचें नाहीं.”

या प्रश्नाचें उत्तर चहाबरोबर देण्यासारखें नव्हतें. तो घेऊनच आम्ही घरीं आलों.

आम्ही अठरा वर्षें आमच्या चाळीचे कार्यवाह होतों, ही गोष्ट नातवानें कधींतरी बढाईनें तेथें सांगितली असावी. पुढच्या रविवारीं चाबूकस्वारानें आम्हांस गांठलें. “नियम तुम्हीच लिहून द्या,” तो म्हणाला, “ज्यानें नळावरचीं भांडणें मिटविलीं त्याला घोड्यांचें काय जड?”

त्या नळाची हकीकत त्याला ठाऊक नव्हती, म्हणून तो असें म्हणाला. आमच्या मजल्यावर सामाईक नळ एक, आणि पाणी पहांटे दीड तास. आम्ही पांच पुरुषांनीं बसून नियम केला कीं, प्रत्येक बिऱ्हाडानें दोन हंडे भरावे आणि बाजूस व्हावें. नियम दिसावयास अगदीं सरळ होता. परंतु त्यांत बाळंतिणीचें घर आणि एकट्या ब्रह्मचाऱ्याची खोली सारखींच धरलीं गेलीं होतीं, आणि मुख्य म्हणजे नियम करणाऱ्या पांचांपैकीं एकानेंही जन्मांत कधीं त्या नळावर हंडा भरला नव्हता. आठव्या दिवशीं बायकांनीं तो कागद नळाखालीं धरिला. मग त्यांनींच आपसांत जो क्रम लाविला तो चाळ पुनर्बांधणीस जाईपर्यंत चालला.

हा अनुभव गांठीं असूनही आम्हीं तीच चूक पुन्हां केली. गिरगांवांतल्या आपल्या टेबलाशीं बसून एकोणीस कलमें लिहिलीं. पहिलें कलम असें होतें कीं, दुडकीहून अधिक वेगानें कोणीं जाऊं नये. तें वाचून दाखवितांच थोरला मोतद्दार अदबीनें म्हणाला, “साहेब, जवान घोड्याला चार दिवस धांवूं दिलं नाहीं, तर पांचव्या दिवशीं तो धांवेलच, आणि तेव्हां पाठीवर शिकाऊ माणूस असेल.” आमच्या कलमांत बाईंच्या मनगटाची कळ होती; घोड्याचें ज्ञान नव्हतें. तो कागद आम्हीं तेथेंच फाडला.

मग फाटकाजवळच्या बदामाखालीं सर्वांची सभा भरली. तरुण मंडळींचें म्हणणें असें पडलें कीं, ज्याला उत्तम येतें त्याचा जागेवर पहिला हक्क; नवशिक्यांनीं शिकून मग यावें. शिकावयास कोठें जावें, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. त्यांस आम्हीं आपल्या मुंबईंतलीच एक जुनी हकीकत ऐकविली.

सन १८७५ मध्यें किल्ल्याबाहेरच्या मैदानांत बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. तो केवळ युरोपियनांचा. मैदानाच्या उरलेल्या भागांत पारशी व हिंदु तरुण क्रिकेट खेळत. जिमखान्याच्या साहेबांस घोड्यावर बसून पोलो खेळण्याची आवड होती. परंतु आपल्या क्रिकेटच्या हिरवळीवर ते पोलो खेळत नसत, कारण टापांनीं हिरवळ उखणून निघते हें त्यांस पुरें ठाऊक होतें. ते खेळत एतद्देशीयांच्या क्रिकेटच्या जागेवर. उखणलेल्या जमिनीवर चेंडू कसा उसळेल याचा नेम राहत नसे. अखेर १८८१ मध्यें शापूरजी सोराबजी आणि त्यांचे सहकारी यांनीं चारशेंहून अधिक सह्यांचा अर्ज गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे पाठविला. पोलो कूपरेजकडे हलविण्याचा हुकूम सुटला. परंतु ती जागा खेळणाऱ्यांच्या पसंतीस उतरली नाहीं, आणि थोड्याच काळांत घोडे पुन्हां क्रिकेटच्या मैदानांत आले. या झगड्याची साद्यंत हकीकत शापूरजींनीं १८९७ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली.

पुढें समुद्राच्या कडेनें पारशांचा, मुसलमानांचा आणि हिंदूंचा असे निरनिराळे जिमखाने उभे राहिले. हिंदु जिमखाना १८९४ चा. आजही चर्नी रोडहून मरीन लाइन्सकडे निघालें म्हणजे ते ओळीनें लागतात. या वेगळेपणास कारणें पुष्कळ होतीं. परंतु एका मैदानांत सर्वांस सारखा न्याय मिळाला नाहीं, हें त्यांतलें एक खास. कुटुंबांतही असेंच घडतें. चुली वेगळ्या होतात त्या जागा अपुरी पडते म्हणून क्वचित्. एकीचें काम दिसतें आणि दुसरीचें दिसत नाहीं, म्हणून बहुधा. आमच्या मनांत सलते ती साहेबांची घोडदौड नाहीं. आपली हिरवळ राखून दुसऱ्याची तुडविणाऱ्यास नियमाचा त्रास कधीं पोंचतच नाहीं. आणि ज्याला त्रास पोंचत नाहीं त्यानें केलेला नियम कितीही गोड भाषेंत लिहिला तरी हुकूमच राहतो.

ही हकीकत ऐकून तरुणांचें मतपरिवर्तन झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ते वादावरून वाटाघाटीवर आले. अखेर नऊ नियम ठरले. ज्यांवर विचार करावा लागला तेवढेच येथें सांगतों.

आंत येण्यापूर्वीं फाटकाशीं थांबून मोठ्यानें ‘दार!’ म्हणावें, आणि आंतून कोणी ‘या’ म्हणेपर्यंत कडी काढूं नये. पुढच्या घोड्यामागें निदान एक घोडाभर, म्हणजे आठ फूट, अंतर सोडावें. ओलांडावयाचें झाल्यास आधीं हांक देऊन सांगावें, आणि नेहमीं आंतल्या बाजूनेंच ओलांडावें. हा नियम वाचला जात असतां आमच्या नातवानें मान वर केली नाहीं. समोरासमोर येतांना डावा हात डाव्या हाताकडे ठेवून जावें. घोडेस्वारीची ही रीत पुष्कळ देशांत रूढ आहे, परंतु आमच्याकडे ती उलटी पडते; कारण रस्त्यावर आपण डावीकडून चालतों, तेव्हां समोरच्याच्या बाजूस आपला उजवा हात येतो. नवशिका घाबरला म्हणजे रस्त्याची संवय वर येते आणि टक्कर होते. म्हणून या नियमाचें चित्रच काढून फाटकावर लाविलें. लांब दोरीवर घोडा गोल फिरविणें, ज्यास जुने लोक काव्यावर धरणें म्हणत, तें आंत दुसरा स्वार असल्यास त्याच्या संमतीवांचून करूं नये. कोणी पडला तर सर्वांनीं आहेत तेथें थांबावें, आणि सुटलेलें घोडें धरलें जाईपर्यंत हलूं नये. कारण एक पळतांना दिसला कीं दुसरा कां पळतो याची चौकशी घोडीं करीत नाहींत.

लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेंपटीस तांबडी फीत बांधण्याची परदेशांतील रीत आम्हांस वाचून ठाऊक होती, आणि ती सर्वांस पसंत पडली. परंतु फीत कोणत्या घोड्यास बांधावी? मालकांपैकीं एकानेंही आपला घोडा लाथ मारतो असें कबूल केलें नाहीं. घरोघरच्या खोडकर मुलांची जी गत तीच येथें. तेव्हां धाकटा मोतद्दार मागून हळूच म्हणाला, “दोघांना बांधा,” आणि त्यानें पोटरीवरचा वण दाखविला. सर्वांनीं वळून पाहिलें. सभेला मोतद्दारांस बसावयास कोणीं खुर्च्या दिल्या नव्हत्या, हें त्या वेळीं आमच्या लक्षांत आलें. घोड्यांचा स्वभाव त्या तिघांइतका कोणासच ठाऊक नव्हता, आणि त्यांचें मत विचारण्याचें आमच्याही मनांत आलें नव्हतें.

सर्वांत मोठा वाद कठड्याकडच्या वाटेवर झाला. वहिवाट अशी कीं, बाहेरची वाट वेगानें जाणाऱ्याची; चालणाऱ्यानें आंतून जावें. यालाही कारण आहे, कारण दौडणाऱ्यास वळण मोठें लागतें. परंतु नवशिक्यास कठडा हाच आधार. त्याला मधोमध सोडलें तर त्याच्या दोन्ही अंगांनीं घोडे धांवतात, आणि त्याची भीति लगामांतून घोड्यास कळते. दोन्ही पक्ष खरे, म्हणूनच भांडण चिवट. वेळ वांटून घ्यावी, असें कोणीं सुचविलें. पण ऊन चढण्यापूर्वींचे तीन तासच काय ते सर्वांस सोयीचे. शेवटीं ठरलें तें असें: वहिवाट आहे तीच राहील, मात्र ज्याला भीति वाटते त्यानें दंडास पांढरी पट्टी बांधावी, आणि पट्टी असेपर्यंत कठडा त्याचा. ती केव्हां सोडावी हें त्याचें त्यानें ठरवावें. दुसऱ्यानें विचारूं नये. शिवाय आंत एका वेळीं सहांहून अधिक घोडीं नसावींत.

“मग कोणीही पट्टी बांधून कठडा अडवील,” एक तरुण म्हणाला.

“स्वतःला भित्रा म्हणवून घेण्याची हौस किती जणांना असते?” चाबूकस्वार म्हणाला, “तुम्ही बांधून दाखवा.” तरुण हंसला, आणि तें कलम मंजूर झालें.

पैशाचा प्रश्न मात्र असा हंसण्यावारीं सुटला नाहीं. ज्यांचीं घोडीं तेथें ठेवलेलीं होतीं ते म्हणाले, आम्ही महिन्याचे महिना पैसे भरतों. तासाच्या भाडेकऱ्याएवढाच आमचा हक्क कसा? या म्हणण्यांत तथ्य आहे. आमचें उत्तर असें होतें कीं, ते पैसे दाणावैरणीचे, पागेचे आणि मोतद्दाराच्या मेहनतीचे. त्यांचा मोबदला पुरेपूर मिळावा. फाटकाच्या आंत मात्र घोड्यावर बसला तो एक स्वार. कुटुंबांत जो अधिक मिळवितो त्याच्या ताटांत कोणी आधीं वाढतें काय, असेंही आम्ही बोलून गेलों. आणि मग आठवलें कीं, पुष्कळ घरांत तसें वाढतात. दोघां मालकांस ही तोड पटली नाहीं. ते आपलीं घोडीं घेऊन दुसरीकडे गेले. पागेच्या उत्पन्नांत त्यामुळें पडलेला खड्डा अद्यापि भरलेला नाहीं, आणि एक मोतद्दार अर्ध्या दिवसावर आला. न्यायाचा खर्च बहुधा असा, ज्याचा कांहीं दोष नाहीं त्याच्या अंगावर पडतो. त्या दोघां मालकांस पुन्हां बोलावण्याचा प्रयत्न आम्हीं सोडलेला नाहीं.

“कागदावर ठीक आहे, वाळूंत कोण पाळणार?” असेंही कोणीं विचारलें. याला उत्तर थोरल्या मोतद्दारानें दिलें. तो वारकरी. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर दोन अश्व असतात, ते अंकलीच्या शितोळे सरकारांचे. एकावर निशाण घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाहीं. वाटेंत ठिकठिकाणीं रिंगण होतें. भोंवतीं हजारों माणसें. पण घोड्यांची वाट आधींच मोकळी करून ठेवलेली. पताकावाले धांवून घेतात, डोईवर तुळस घेतलेल्या बाया धांवून घेतात, आणि मग घोडे सुटतात. “तिथं कोण पोलीस उभा असतो?” मोतद्दार म्हणाला. “चोपदारानं चोप उचलला कीं सगळे गप. आपल्याही पाळीला असंच मोकळं रान मिळणार, याची खात्री असते म्हणून माणूस थांबतो.” आम्हीं अठरा वर्षांच्या कार्यवाहपणांत नियमांविषयीं जें शिकलों त्याहून हें एक वाक्य अधिक मोलाचें आहे.

दंडाचा विचार निघाला तेव्हां पैशाचा दंड नसावा असें ठरलें; कारण श्रीमंतास तो परवाना होतो. नियम मोडील त्यानें एक महिना फेरी संपल्यावर घोडीं हातानें चालवून थंड करावीं, लीद उचलावी, आणि वाळू सारखी करावी. आतां आमच्या नातवाचें काय? नियम त्याच्या चुकीनंतर झाला. मागून केलेला नियम मागच्या गोष्टीस लागू करूं नये, हें तत्त्व आम्हीं घरीं जेवतांना मोठ्या समाधानानें मांडलें. त्या समाधानांत न्यायबुद्धि किती आणि नातवाची माया किती, हें आमच्या सौ.नें ताबडतोब ओळखलें.

“अहो, तुमच्या रिंगणाचा नियम मागून झाला असेल,” ती म्हणाली, “आपल्या घरचा आधींपासूनचाच आहे. ज्यानें सांडलें त्यानें पुसावें.”

या निकालावर अपील नव्हतें. नातवानें चार रविवार आपली दौड सोडून त्या पांढऱ्या घोडीस लगाम धरून चालविलें. पहिल्या रविवारीं तो घुश्शांत होता. दुसऱ्या रविवारीं त्यानें आम्हांस येऊन सांगितलें, “आजोबा, तिचा उजवा डोळा मंद झाला आहे. मी उजवीकडून गेलों तर ती दचकते, डावीकडून गेलों तर नाहीं.” मोतद्दारास हें वर्षभर ठाऊक होतें. त्याला वाटे, चाबूकस्वाराच्या ध्यानांत आलें असेल. चाबूकस्वाराला वाटे, कांहीं असतें तर मोतद्दार बोलला असता. आणि त्या आंधळ्या अंगानेंच आमचा नातू आपला घोडा घेऊन गेला होता. आजीचें घोडें आम्हांस पहिल्यानें दिसलें तें त्या दिवशीं.

दोन महिन्यांनीं बाई परत आल्या. आम्हीं त्यांच्या प्रश्नाचें उत्तर तोंडानें दिलें नाहीं. ते नऊ नियम लिहून त्यांच्या घरीं पाठविले होते. त्या आल्या त्या वेळीं आंत चार घोडीं होतीं, आणि नातू दौडत होता. फाटकाशीं थांबून, दंडाची पांढरी पट्टी नीट करून, त्यांनीं जरा कांपऱ्या आवाजांत हांक दिली, “दार!” नातवानें घोडा आंवरला, चालीवर आणला, आणि कठडा सोडून तो आंतल्या वाटेवर आला.

“या, काकू,” तो म्हणाला. “मी तुमच्या डाव्या बाजूनें जाईन हो.”

घोडीनें एक कान मागें केला, तेवढेंच. बाई कठड्याकडेनें पाऊल पाऊल निघाल्या. पट्टी त्यांनीं अजून सोडलेली नाहीं, आणि केव्हां सोडणार हें त्यांस कोणीं विचारलेलें नाहीं.

फाटकावरच्या फळ्यावर आतां नऊ नियमांखालीं दहावा आहे. तो सभेनें केला नाहीं. नातवानें सुचविला, आणि अक्षर बरें म्हणून आम्हीं लिहिला: घोडें कोणाचेंही असो, त्याचें क्षत ज्याच्या दृष्टीस प्रथम पडेल त्यानें तें त्याच दिवशीं सांगावें. आजी असती तर तिनें आधीं घरच्या गॅलरींतल्या दिव्याची चौकशी केली असती. तो गेल्या आठवड्यांत पुन्हां बिघडला होता. आम्हींच बदलला.